कोडवर बोला, माणसावर नको : लिनक्समधल्या भांडणांचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलच्या गर्दीत खिशातून इयरफोन काढणंच जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललोय बरंचसं तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं' आणि 'काय ते' तेवढे काढलेत.

आजचा विषय आहे भांडण. साधंसुधं नाही, प्रोग्रामर लोकांचं भांडण.

तुमच्या हातातला फोन अँड्रॉइड असेल, तर त्याच्या पोटात लिनक्स कर्नल आहे. हार्डवेअर आणि ॲप यांच्या मधला हा थर. दर नऊ-दहा आठवड्यांनी याची नवी आवृत्ती येते आणि अलीकडच्या एकेका आवृत्तीत साधारण २००० डेव्हलपरांचं काम असतं. यातले बहुतेक जण एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात. कोड मेलने पाठवायचा, त्यावरची टीका मेलवरच यायची, आणि हे सगळं जगासमोर. तुमचा कोड कुणी वाईट म्हटला, तर ते दहा वर्षांनीही सर्च केलं की सापडतं. तुमच्या होणाऱ्या मॅनेजरलाही सापडतं!

मी इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर लिनस टोरवाल्ड्सच्या मेलचे स्क्रीनशॉट फिरायचे. कुणाला तरी कॅपिटल अक्षरांत झापलंय, आणि खाली आमच्या पोरांच्या हसण्याच्या इमोजी. त्यातून एक समज पक्का झाला होता : खरा एक्स्पर्ट फटकळच असतो, गोड बोलतो तो कच्चा. आता मी रोज दुसऱ्यांचा कोड तपासतो आणि माझाही कुणीतरी तपासतं. त्यामुळे मला प्रश्न पडला, की लिनक्सचा इतिहास खरंच असं सांगतो का? म्हणून जरा खोलात गेलो.

१९९२ : पहिलं मोठं भांडण

२५ ऑगस्ट १९९१. हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा लिनस मिनिक्सवाल्यांच्या चर्चागटात लिहितो, की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, निव्वळ छंद म्हणून, फार मोठं काही होणार नाही. मिनिक्स ही प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यासाठी लिहिलेली छोटी सिस्टिम. त्यांची पुस्तकं आपल्याकडे बीटेकला आजही लावतात, ऑपरेटिंग सिस्टिमचं किंवा नेटवर्कचं. तेच ते टॅनेनबॉम.

पाच महिन्यांनी, २९ जानेवारी १९९२ला, टॅनेनबॉम यांनी त्याच गटात लिहिलं, लिनक्स कालबाह्य आहे. मुद्दा तांत्रिक होता. सगळा कर्नल एकाच गठ्ठ्यात बांधायची पद्धत जुनी झाली, भविष्य मायक्रोकर्नलचं आहे, आणि लिनक्स इंटेलच्या एकाच चिपला फार चिकटून बसलंय. हा माझा विद्यार्थी असता तर याला चांगले मार्क मिळाले नसते, असंही त्यांनी पुढे सुनावलं.

विचार करा, ज्यांचं पुस्तक वाचून तुम्ही शिकलात त्या सरांनी सगळ्यांसमोर असं म्हटलं तर? लिनस भडकला. त्याने उत्तर दिलं आणि ते चांगलंच झोंबणारं होतं. मिनिक्सच्या उणिवा तर काढल्याच, वर सरांच्या हेतूवरही गेला.

आता गंमत अशी, की स्क्रीनशॉटवाल्या पोरांना पुढचा भाग माहीतच नसतो. लिनसने लगेच दुसरा मेल टाकला आणि आपण भान न ठेवता लिहिलं म्हणून टॅनेनबॉम यांची माफी मागितली. त्यानंतरही वाद चालला, पण तो मायक्रोकर्नलवर.

याचा शेवट आणखी भारी आहे. २००४मध्ये एका अमेरिकन संस्थेच्या लेखकाने असं सुचवायला सुरुवात केली, की कर्नल एकट्याने लिहिणं शक्यच नाही, लिनसने ते मिनिक्सवरून उचललं असणार. तेव्हा लिनसच्या बाजूने जाहीरपणे कोण उभं राहिलं? टॅनेनबॉम! माझं लिनसशी डिझाइनवर पटत नाही, पण त्याने चोरी केलेली नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. मतभेद जसाच्या तसा, आणि माणसाच्या प्रामाणिकपणाला धक्का नाही. 'वादे वादे जायते तत्त्वबोधः' आपण नुसतं म्हणतो. हे त्याचं चालतंबोलतं उदाहरण.

गाव मोठं झालं, पाटील तोच राहिला

मग वीस वर्षं गेली. लिनक्स सर्व्हरवर गेलं, फोनवर गेलं, सुपरकॉम्प्युटरवर गेलं. छंद म्हणून सुरू झालेल्या कामात इंटेल, रेड हॅट, आयबीएमसारख्या कंपन्यांचे पगारी इंजिनिअर आले. पण बोलायची पद्धत राहिली सुरुवातीच्या चारचौघांच्या कट्ट्याची. कट्ट्यावर मित्र 'ए गाढवा' म्हणतो ते आपण हसून सोडतो, कारण वीस वर्षांची ओळख असते. तेच वाक्य पहिल्या दिवशी आलेल्या नव्या माणसाला जगासमोर ऐकवलं, तर तो हसणार नाही. तो दुसऱ्या दिवशी येणारच नाही.

डिसेंबर २०१२मध्ये लिनसचा एक मेल खूप गाजला. एका जुन्या मेंटेनरच्या बदलामुळे वापरकर्त्यांचे चालू प्रोग्रॅम बिघडत होते आणि त्याने दोष त्या प्रोग्रॅमवर टाकला. लिनसचा नियम साधा : कर्नल बदलला म्हणून लोकांचे चालू प्रोग्रॅम बंद पडता कामा नयेत. नियम शंभर टक्के बरोबर. याच नियमामुळे तुमच्या-आमच्या मशीन अपडेटनंतरही चालतात. पण तो मेल शिव्यांनी भरलेला होता, तोंड बंद कर इथपासून सुरुवात.

लोकांनी काय लक्षात ठेवलं? शिवी. हॉस्टेलच्या ग्रुपवर हाच मेल मी कितीतरी वेळा पाहिला, पण चालू प्रोग्रॅम बिघडवू नका हा नियम त्याखाली कुणी समजावून सांगितल्याचं मला आठवत नाही. जो मुद्दा सोन्यासारखा होता, तो आरडाओरड्यात बुडाला.

"खोटं गोड बोलणं मला जमणार नाही"

जुलै २०१३मध्ये सेज शार्प यांनी जाहीरपणे हरकत घेतली. शार्प तेव्हा इंटेलमध्ये होते आणि लिनक्समधला यूएसबी ३.० चा ड्रायव्हर सांभाळत होते. म्हणजे बाहेरून येऊन शहाणपणा शिकवणारं कुणी नव्हे, घरातलंच माणूस. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कोड वाईट असेल तर वाईट म्हणा, पण दरडावणं आणि शिवीगाळ थांबवा.

लिनसने जे उत्तर दिलं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण त्यात तथ्य आहे. त्याचा मुद्दा असा, की ऑफिसातलं ते गुळगुळीत बोलणं मला नको. वरून गोड आणि मागून काड्या, त्यापेक्षा मी तोंडावर बोलतो, निदान मी कुठे उभा आहे हे लोकांना कळतं. ज्यांनी कॉर्पोरेटमध्ये चार वर्षं काढलीत त्यांना हे पटेल. 'चला, यावर ऑफलाइन बोलू' या वाक्याचा खरा अर्थ आपल्याला सगळ्यांना माहीत आहे!

पण इथे लिनसने दोनच पर्याय धरले. एक तर खोटं गोड, नाहीतर खरी शिवी. तिसरा पर्याय शार्प यांनी नंतर नेमक्या शब्दांत मांडला. ऑक्टोबर २०१५मध्ये आपण कर्नलचं काम का सोडलं हे त्यांनी लिहिलं. त्याचा आशय असा : तांत्रिक टीका कितीही कठोर करा, पण माणूस म्हणून माझा मान राखा. मला ही एक ओळ या सगळ्या इतिहासाचं सार वाटते.

मधल्या काळात, मार्च २०१५मध्ये, कर्नलवाल्यांनी एक छोटा मजकूर स्वीकारला होता. नाव गंमतीशीर होतं, 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट'. तुमच्या कोडवर टीका होणारच, तरी कुणी वैयक्तिक त्रास दिला तर तांत्रिक सल्लागार मंडळाकडे जा, आणि एकमेकांशी चांगलं वागा. बस, एवढंच. काय चालणार नाही याची यादीच नव्हती. सोसायटीच्या लिफ्टमध्ये 'कृपया सहकार्य करा' अशी पाटी असते ना, तसं. सहकार्य म्हणजे काय हे ज्याने त्याने ठरवायचं.

२०१८ : थकलेली माणसं

२०१८ हे वर्ष या गोष्टीत फार महत्त्वाचं.

१२ जुलै २०१८ला पायथनचा जनक गिडो व्हान रॉसम याने नेतेपद सोडलं. निमित्त होतं वॉलरस ऑपरेटर. हो, तोच कोलन आणि बरोबरचं चिन्ह, जो तुम्ही मुलाखतीच्या कोडिंग राउंडमध्ये भाव खायला वापरता. तो प्रस्ताव मंजूर झाला, म्हणजे गिडो जिंकला. पण एका प्रस्तावासाठी इतकं भांडावं लागावं आणि इतक्या लोकांनी आपल्या निर्णयाचा तिरस्कार करावा, हे आता पुरे, असं त्याने लिहिलं. लक्षात घ्या, इथे दरडावणारा नेता नव्हता. इथे गर्दीच्या बोलण्याने नेता दमला.

दोन महिन्यांनी, १६ सप्टेंबर २०१८ला, लिनसने ४.१९ आवृत्तीच्या एका चाचणी टप्प्याची मेल टाकली. सुरुवात नेहमीसारखी तांत्रिक, आणि पुढे माफी. आपले मेलमधले हल्ले व्यावसायिक शिस्तीला धरून नव्हते, लोकांच्या भावना आपल्याला समजत नाहीत, त्यासाठी मदत घेणार आहोत, आणि तोवर थोडा थांबतो. त्याच सुमारास 'न्यूयॉर्कर' मासिक त्याच्या वागण्यावर लेख तयार करत होतं आणि तिथून त्याला प्रश्न गेले होते. त्यामुळे माफी मनापासून की दबावाखाली, यावर बराच काथ्याकूट झाला.

मला स्वतःला तो वाद निरर्थक वाटतो. मनात काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक. बाहेर काय बदललं ते आपण पाहू शकतो. जुना मजकूर गेला आणि 'कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट'वर आधारलेली आचारसंहिता आली. ही संहिता कोरलाइन एडा एमकी यांनी २०१४मध्ये लिहिली होती आणि तोवर अनेक प्रकल्पांनी ती स्वीकारली होती. तिच्यात अपमानकारक शेरे, वैयक्तिक हल्ले, छळ, कुणाची खासगी माहिती उघड करणं हे चालणार नाही, असं स्पष्ट लिहिलेलं. लिनसने एका मुलाखतीत तर असंही सांगितलं, की मी माझ्याच मेलवर फिल्टर बसवलाय, शिवी असेल तर मेल जाणारच नाही. प्रोग्रामर शेवटी प्रोग्रामरच!

विरोधही झाला. आता कोडपेक्षा राजकारण चालेल, आम्ही आमचा कोड परत घेऊ, अशा धमक्या फिरल्या. झालं काय? ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी सूत्रं हाती घेऊन २२ ऑक्टोबरला ४.१९ आवृत्ती बाहेर काढली, लिनस परतला, आणि गाडी पुढे निघाली. नम्रतेने लिनक्स बुडालं नाही.

लिनस संत झाला असंही नाही. ऑगस्ट २०२५मध्ये उशिरा आलेल्या एका कोडला त्याने सरळ 'कचरा' म्हटलं. नोव्हेंबर २०२४मध्ये एका फाइल सिस्टिमच्या मुख्य डेव्हलपरने दुसऱ्या सदस्याला मेलमधून शिवीगाळ केली आणि जाहीर माफी मागितली नाही, म्हणून आचारसंहिता समितीने एका आवृत्तीपुरता त्याचा सहभाग रोखला. त्यावरही दोन गट पडले. म्हणजे प्रश्न संपलेला नाही. पण २०१२मध्ये जे वागणं कौतुकाने पसरत होतं, त्याला आता किंमत मोजावी लागते.

उद्धटपणा हा सुरक्षेचाही प्रश्न आहे

इथपर्यंत कुणी म्हणेल, हे सगळं भावनांचं झालं, इंजिनिअरिंगचं काय? तर ऐका.

एक्सझेड नावाची डेटा कॉम्प्रेस करणारी एक लायब्ररी आहे. तुम्ही नाव ऐकलं नसेल, पण जवळजवळ प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर ती असते. ती अनेक वर्षं फिनलंडचा लासे कॉलिन सांभाळत होता, बिनपगारी. २०२२मध्ये काही खात्यांवरून त्याच्यामागे तगादा सुरू झाला. काम हळू चाललंय, प्रकल्प मरतोय, जमत नसेल तर दुसऱ्याकडे दे. त्याने सांगितलं, की मानसिक आरोग्याच्या अडचणी आहेत, आणि हा छंद म्हणून, बिनपैशाचा चालवलेला प्रकल्प आहे. तरी टोमणे थांबले नाहीत. त्याच वेळी 'जिया टॅन' नावाचं एक खातं अगदी शांतपणे, नम्रपणे मदत करत होतं. हळूहळू त्याच्याकडे अधिकार गेले.

फेब्रुवारी-मार्च २०२४मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याच खात्याने चोरदरवाजा घातला होता. सर्व्हरचं लॉगिन जवळपास अर्ध्या सेकंदाने हळू का झालं, या साध्या शंकेवरून अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने तो शोधला आणि २९ मार्च २०२४ला जगाला सांगितलं. थोडा उशीर झाला असता, तर जगभरचे असंख्य सर्व्हर उघडे पडले असते.

तगादा लावणारी ती खाती या कटाचाच भाग होती, असं बहुतेक जाणकारांचं मत आहे. त्यातल्या एकाचं नाव तर चक्क भारतीय वाटणारं होतं. ती कुणाला खटकली का नाहीत? कारण बिनपगारी मेंटेनरवर वसकन ओरडणं इतकं रोजचं झालं होतं, की त्यात वेगळं काही वाटलंच नाही. हल्लेखोराने आधी कोडमधली फट शोधली नाही. त्याने आपल्या सवयीतली फट शोधली.

आणि हो, जिया टॅन अगदी सभ्य भाषेत बोलायचा. म्हणजे गोड बोलणं आणि आदर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच दिसतं.

आपल्याकडची बाजू

आता थोडं आपल्याबद्दल. ऑक्टोबर २०२०मध्ये हॅकटोबरफेस्टमध्ये चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्या पहिल्या ७०,००० जणांना टी-शर्ट किंवा झाड लावण्याचा पर्याय होता. आपल्याकडच्या एका यूट्यूब व्हिडिओत पुल रिक्वेस्ट कशी करायची ते दाखवलं, आणि ते पाहून पोरांनी जगभरच्या प्रकल्पांच्या रीडमी फाइलमध्ये 'छान प्रकल्प' छापाचे बदल करून पाठवले. ढिगाने. मेंटेनर लोकांची सुट्टी ती बंद करण्यात गेली. आयोजकांना ३ ऑक्टोबरलाच नियम बदलावा लागला, की ज्या प्रकल्पाने आधी होकार दिलाय तिथलंच मोजलं जाईल. २०२४मध्ये एक्स्प्रेसजेएसच्या रीडमीत नावं घालायची लाट आली, तिचंही मूळ तसंच.

त्यातल्या एकानेही शिवी दिली नव्हती. कित्येकांनी तर 'रिस्पेक्टेड सर' लिहिलं असेल. तरी तो अनादरच होता, समोरच्याच्या वेळेचा.

आपल्या मराठीत आदर व्याकरणातच आहे, अहो-जाहो आणि अरे-तुरे. पण आपल्याला हेही माहीत आहे, की 'अहो' म्हणून माणसाला पार सोलून काढता येतं, आणि 'अरे' म्हणणारा मित्र रात्री दोनला धावून येतो. कर्नलच्या जगात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, म्हणून मीही इथे लिनसला अरे-तुरेच केलं. तिथला आदर हाकेत दिसत नाही. समोरच्याने लिहून ठेवलेले नियम आधी वाचले का, बग सांगताना तो पुन्हा कसा घडवायचा हे दिलं का, उत्तराला दोन आठवडे लागले तर धीर धरला का, यात तो दिसतो. आणि मोठ्यांचं चुकत असेल तर तेही कारण देऊन सांगणं, हा सुद्धा आदरच. आपल्या शाळा-कॉलेजात नेमकं हेच शिकवायचं राहून जातं.

कोड तपासताना मी एक साधी कसोटी लावतो. वाक्याचा कर्ता कोण आहे ते बघायचं. 'तुला लूप कळत नाही' यात कर्ता माणूस आहे. 'हा लूप रिकाम्या यादीवर फुटतो' यात कर्ता कोड आहे. दुसरं वाक्य जास्त कडक आहे, कारण ते खोटं ठरवायचं तर पुरावा द्यावा लागतो. पहिल्याला फक्त तोंड लागतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तुमच्यातल्या कुणाला पहिली पुल रिक्वेस्ट पाठवायची असेल, तर ती नाकारली जाईल हे धरूनच चला. बहुतेकांची नाकारली जाते. नाकारताना कुणी तुमच्यावर घसरलं, तर तो प्रकल्प सोडून दुसरा धरायला काहीच हरकत नाही, जग मोठं आहे. पण कुणी तुमच्या कोडवर बारा कडक मुद्दे लिहून पाठवले, तर समजा, त्या अनोळखी माणसाने आपल्या संध्याकाळचा तासभर तुमच्यासाठी दिलाय. एकेक मुद्दा घ्या, दुरुस्त करा, आणि पुन्हा पाठवा.

चला, थांबतो. तुम्हाला कडक पण चांगला रिव्ह्यू कधी मिळाला असेल, तर व्हॉइस नोट नक्की पाठवा, पुढच्या भागात वाजवू. काळजी घ्या, भेटूच!